एका आराखड्याची कुळकथा

मधोमध मुख्य वाडा, चार कोपऱ्यांना चार स्वतंत्र इमारती आणि त्यांना वाड्याशी जोडणारे पाव वर्तुळाचे सोपे. या आराखड्याचा मूळपुरुष इटालियन वास्तुकार आंद्रेआ पल्लादिओ. १५७० साली व्हेनिसमध्ये छापलेल्या त्याच्या वास्तुकलेवरच्या ग्रंथात मोचेनिगो घराण्यासाठी आखलेला असा वाडा आहे. तो तसाच्या तसा कधी उभा राहिला नाही. आराखडा मात्र ग्रंथाबरोबर इंग्लंडात पोचला.

जॉर्ज राजांच्या काळात तिथल्या जमीनदारांना पल्लादिओचं वेड लागलं होतं. नॉरफकच्या होकम हॉलला चारही कोपऱ्यांच्या इमारती लाभल्या. तिथे काम केलेल्या मॅथ्यू ब्रेटिंगमने १७५९च्या सुमारास डर्बीशरमध्ये नथॅनिएल कर्झनसाठी केडलस्टन हॉल त्याच धर्तीवर आखला. त्याच्यानंतर जेम्स पेन आला आणि लवकरच, रोमचे अवशेष अभ्यासून परतलेल्या तरुण रॉबर्ट ॲडमने काम हाती घेतलं. वाड्याची दक्षिण बाजू त्याने रोममधल्या कॉन्स्टंटाइनच्या विजयकमानीवर बेतली. आत अलाबास्टरच्या २० खांबांचा दिवाणखाना, त्यामागे पँथिऑनच्या वळणाचं, ६२ फूट उंच घुमटाचं गोल दालन. हा सारा थाट पाहुण्यांसाठी. कुटुंब राहायचं कोपऱ्यातल्या एका इमारतीत. दुसरीत मुदपाकखाना, म्हणजे धूर आणि आगीचं भय वाड्यापासून लांब. बाकीच्या दोन इमारती बांधल्याच गेल्या नाहीत. वाड्याभोवतीच्या उद्यानासाठी मात्र केडलस्टन गाव उठवून दुसरीकडे वसवलं गेलं.

चारही इमारतींचा संच पुन्हा उभा राहिला तो कोलकात्यात. गव्हर्नर जनरल वेलस्लीसाठी चार्ल्स वायटने १७९९ ते १८०३ या काळात केडलस्टनच्या नमुन्यावर गव्हर्न्मेंट हाउस बांधलं. वाड्यापासून सुटे असलेले चार भाग बंगालच्या उकाड्यात सोयीचे ठरले. खोल्यांना अनेक बाजूंनी वारा मिळाला. खर्चावरून ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक संतापले. वास्तू पुरी झाली त्याच वर्षी वेलस्लीने शिंदे-भोसल्यांशी युद्ध पुकारलं. पुढे केडलस्टनमध्येच जन्मलेले लॉर्ड कर्झन १८९९ साली व्हाइसरॉय म्हणून याच वास्तूत राहायला आले.

पल्लादिओच्या वाड्यांत शेतीवाडीचा कारभार आणि धन्याचं घर एकत्र नांदत. केडलस्टनला त्याच रेषांतून घराण्याची प्रतिष्ठा उभी राहिली, कोलकात्याला साम्राज्याचा दरारा. वास्तूचं सौंदर्य मनापासून वाखाणावं. पण ते उभं करायला गाव कोणाचं उठलं आणि पैसा कोणत्या मुलखातून आला, हेही तिच्या कुळकथेत नोंदवायला हवं.