स्किझोफ्रेनिया आणि आत्महत्येचा धोका

स्किझोफ्रेनिया (छिन्नमनस्कता) या दीर्घकालीन मानसिक आजारात आत्महत्या हे अकाली मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. हा धोका सर्व रुग्णांना सारखा नसतो. बालपणी सोसलेले आघात आणि झोपेचे विकार हे तो वाढवणाऱ्या घटकांत गणले जातात. यांपैकी पहिला घटक घडून गेलेला असतो; दुसऱ्यावर उपचार करता येतात. तरीही गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात झोपेची चौकशी अनेकदा 'झोप लागते का?' एवढ्या एका प्रश्नात आटोपते.

प्रमाण

भारतातील २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार स्किझोफ्रेनिया व तत्सम तीव्र मनोविकार आयुष्यात कधी ना कधी झालेल्या प्रौढांचे प्रमाण सुमारे १.४ टक्के आहे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांपैकी १० टक्के आत्महत्येने दगावतात, असे जुन्या पाठ्यपुस्तकांत आढळते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणाने हा आकडा ५ टक्क्यांच्या आसपास आणला. जुने अनेक अभ्यास आजाराच्या सुरुवातीच्या काळातील रुग्णांवर बेतलेले होते, आणि आत्महत्या त्याच काळात अधिक होतात; त्यामुळे आधीचा अंदाज फुगलेला होता.

कानात ऐकू येणारे आवाज रुग्णाला मृत्यूकडे ढकलतात, असा सर्वसाधारण समज आहे. अभ्यासांत मात्र नैराश्य, हताशा, पूर्वी केलेला प्रयत्न आणि रुग्णालयातून घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे यांचा संबंध अधिक ठळकपणे दिसतो. भास ओसरल्यावर शिक्षण, नोकरी, विवाह यांतले काय हातचे गेले याची जाणीव रुग्णाला होऊ लागते. कुटुंब 'आता बरा झाला' म्हणून निर्धास्त होते तो काळही म्हणूनच जोखमीचा असू शकतो.

बालपणीचे आघात

मारहाण, लैंगिक अत्याचार, सततचा अपमान, तसेच शारीरिक व भावनिक हेळसांड यांचा समावेश बालपणीच्या आघातांत होतो. २०१२ मधील एका व्यापक विश्लेषणात, असे अनुभव असलेल्या व्यक्तींत मनोविकृतीची शक्यता इतरांपेक्षा सुमारे पावणेतीन पट आढळली. आघात हे आजाराचे एकमेव कारण नव्हे. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि अनेक रुग्णांचे बालपण सुरक्षित गेलेले असते. हे आवर्जून सांगावे लागते, कारण १९४८ मध्ये फ्रिडा फ्रॉम-राइशमान यांनी मांडलेल्या 'स्किझोफ्रेनिया घडवणारी आई' या कल्पनेने पुढे कित्येक वर्षे मातांना विनाकारण दोषी ठरवले. ती कल्पना आता त्याज्य मानली जाते.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये महाराष्ट्रासह १३ राज्यांतील पाहणी प्रसिद्ध केली. तीत दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक छळ सोसल्याचे नोंदवले होते. छळ इतका सार्वत्रिक असताना प्रौढ रुग्णाला त्याविषयी कोणी विचारत नाही, आणि तोही आपण होऊन सांगत नाही.

झोप

सतत धोक्याची चाहूल घेत वाढलेल्या मुलाची शरीरयंत्रणा मोठेपणीही सावध राहते. झोप उशिरा लागणे, वारंवार जाग येणे व दुःस्वप्ने पडणे हे त्याचे रात्रीचे रूप होय. अपुऱ्या झोपेमुळे संशय बळावतो आणि भावनांवरील ताबा सुटतो. एकट्याने काढलेल्या रात्री हताशा वाढते. आघात व आत्महत्येचे विचार यांमधील एक दुवा झोपेचा असावा, असे मानण्यास यामुळे आधार मिळतो. मात्र एकाच वेळी केलेल्या पाहणीतून कारण कोणते व परिणाम कोणता हे ठरत नाही.

'काम नाही म्हणून रात्र जागतो आणि दिवसा लोळतो' हा घरोघरीचा आक्षेप ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अप्रत्यक्षपणे तपासला गेला. २० रुग्णांची तुलना निरोगी, पण बेरोजगार व्यक्तींशी केली असता झोपेचे वेळापत्रक रुग्णांचेच बिघडलेले निघाले, बेरोजगारांचे नव्हे. औषधांमुळे येणारी गुंगी आणि काही औषधांमुळे होणारी अंतर्गत तगमग (अकॅथिसिया) यांचीही स्वतंत्र दखल घ्यावी लागते. ही तगमग असह्य होऊ शकते, आणि आजारच वाढला असे समजून औषधाची मात्रा वाढवल्यास ती अधिकच बळावते.

मराठवाड्यातील स्थिती

राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. त्यामुळे छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयावर मोठी भिस्त राहते. १९५६ मध्ये स्थापन झालेले हे रुग्णालय 'घाटी' या नावानेच ओळखले जाते, आणि शेजारच्या जिल्ह्यांतील रुग्णही तेथे येतात.

विभागातील आत्महत्यांची चर्चा मुख्यतः शेतकरी, कर्ज व दुष्काळ यांभोवती फिरते. ती आवश्यकच आहे. परंतु तीव्र मानसिक आजाराने गेलेली व्यक्ती या चर्चेत क्वचितच दिसते. ऊसतोडीचे उदाहरण बोलके आहे. बीड व लगतच्या जिल्ह्यांतील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि सुमारे सहा महिने कोपीत राहतात. गाडी येईल तेव्हा, मध्यरात्रीही, मोळ्या भराव्या लागतात. अशा कुटुंबातील रुग्णाची झोप आणि औषधे दोन्ही एकाच वेळी तुटण्याची शक्यता असते.

उपचार

क्लोझापिन या औषधाने आत्मघाती वर्तन कमी होत असल्याचे ९८० रुग्णांवर दोन वर्षे केलेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. तुलना ओलान्झापिनशी होती. क्लोझापिनमुळे पांढऱ्या रक्तपेशी धोकादायकरीत्या घटू शकतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्ततपासणी करावी लागते. खेड्यातील रुग्णासाठी याचा अर्थ दर आठवड्याला एसटीचा प्रवास आणि एकाची बुडालेली मजुरी. निद्रानाशावर बोधात्मक वर्तनोपचार उपयुक्त ठरतो. २०१७ मध्ये ब्रिटनमधील ३,७५५ विद्यार्थ्यांवरील चाचणीत त्याने झोपेबरोबर संशय व भासही कमी झाले; मात्र ते विद्यार्थी होते, स्किझोफ्रेनियाचे रुग्ण नव्हेत. दुःस्वप्नांविषयी व आघातांविषयी विचारताना रुग्णाला नातेवाइकांपासून वेगळे बसवणे इष्ट असते, कारण छळ करणारा घरातलाच असू शकतो.

पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने रुग्णासाठी 'शुभार्थी' आणि काळजीवाहकासाठी 'शुभंकर' हे शब्द रूढ केले. संस्थेचे संस्थापक जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारातून २००४ चा 'देवराई' हा चित्रपट साकारला.

कायदा आणि मदत

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र तणावाखाली होती असे मानले जाते. तिच्यावर खटला चालवता येत नाही, आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडसंहितेचे कलम ३०९ वगळण्यात आले. केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. नातेवाइकांनाही या क्रमांकावर सल्ला घेता येतो.