हिपॅटायटिस हेल्पलाइन

विषाणुजन्य यकृतदाह (हिपॅटायटिस) असलेल्यांना व त्यांच्या घरच्यांना दूरध्वनीवरून माहिती, सल्ला आणि धीर देणारी सेवा. निदान करणे वा औषध लिहून देणे तिच्या कक्षेत येत नाही.

परदेशांत : ब्रिटनमध्ये चार्ल्स गोर या रुग्णाने इतरांसह ‘हिपॅटायटिस सी ट्रस्ट’ स्थापन केला. त्याच्या हेल्पलाइनवर या आजारातून गेलेली माणसेच फोन घेतात. ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय क्रमांकावरचा फोन त्या त्या राज्यातील संस्थेकडे जोडला जातो.

विचारणा : मुख्य काम रिपोर्ट समजावून सांगण्याचे. हिपॅटायटिस सीच्या रिपोर्टमधील ‘अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह’ याचा अर्थ विषाणू कधीतरी शरीरात आला होता, एवढाच. तो आजही आहे का, हे आरएनए तपासणीवरून कळते. असल्यास बहुधा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. हिपॅटायटिस बी मात्र अनेकदा रक्तदान, शस्त्रक्रिया किंवा गरोदरपणातील तपासणीत अचानक उघडकीस येतो आणि घरात लगेच ताट-वाटी वेगळी होते. त्याची गरज नसते. वेगळे ठेवायचे ते दाढीचे ब्लेड आणि टूथब्रश. जोडीदाराने तपासणी करून लस घ्यावी; बाधित आईच्या बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस व इम्युनोग्लोब्युलिन द्यावे. ‘आता बरं वाटतंय, टेनोफोविर (हिपॅटायटिस बीवरचे औषध) बंद करू का?’ या प्रश्नाला ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही’ हेच उत्तर. औषध मध्येच सोडल्यास आजार उसळू शकतो. तेल-हळद बंद करणे, काविळीची माळ घालणे यांनी विषाणू जात नाही. दारू मात्र सोडावीच, आणि झाडपाल्याच्या औषधांपासून लांब राहावे, कारण त्यांतील काहींमुळे यकृताला इजा होते.

गोपनीयता : भारतात एचआयव्हीबाधितांना २०१७ च्या कायद्याचे संरक्षण आहे, हिपॅटायटिससाठी तसा स्वतंत्र कायदा नाही. आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्यांना वैद्यकीय तपासणीत बी किंवा सी आढळल्यास सहसा अपात्र ठरवतात. या प्रश्नावर फोनवरून देण्याजोगा तोडगा जवळजवळ नाही.

भारत : राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला, त्यात तपासणी व औषधे मोफत आहेत. कार्यक्रमाचा टोल फ्री क्रमांक १८००-११-६६६६.

महाराष्ट्र : सर्वसाधारण आरोग्यसल्ल्यासाठी १०४.