दहा वॅटची नभोवाणी

इतिहास शिकवताना एक गोष्ट वरचेवर जाणवते. गाणे कोणी रचले आणि कोणी गायले, याची नोंद कुठे ना कुठे सापडते. पण ते गाणे शोधून चारचौघांच्या कानांपर्यंत कोणी पोचवले, याची नोंद ठेवण्याची पद्धत नाही. आपल्याकडच्या संगीताच्या इतिहासात तर अशा माणसांना तळटीपेचीही जागा मिळत नाही. म्हणून आज मी वाचकांना जरा दूरच्या मुलखात नेणार आहे. हा इतिहास अमेरिकेतील महाविद्यालयीन नभोवाणीचा आणि तिथे वाजवण्यासाठी वेगळे संगीत हुडकत फिरणाऱ्या मुलामुलींचा आहे. सीमाभागातील एका मुख्याध्यापकाला त्याचे काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर लेखाच्या उत्तरार्धात येईल.

या कथेची सुरुवात १९३६ साली ब्राउन विद्यापीठाच्या वसतिगृहात झाली. जॉर्ज अब्राहम आणि डेव्हिड बोर्स्ट या दोन विद्यार्थ्यांनी खोल्याखोल्यांतून तारा ओढल्या आणि आपल्यापुरते एक प्रक्षेपण सुरू केले. इतर महाविद्यालयांतील मुलांनी त्यांचे अनुकरण केले आणि १९४० मध्ये या सर्वांची एक आंतरमहाविद्यालयीन संघटनाही उभी राहिली. हा खेळ तारांपुरताच राहिला असता, पण पुढे कायद्याने हात दिला. १९४५ मध्ये अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने एफ.एम. पट्ट्यातील ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा भाग शिक्षणासाठी राखून ठेवला. १९४८ मध्ये त्याने अवघ्या १० वॅट शक्तीच्या केंद्रांनाही परवाने देण्याचे ठरवले. आपल्या देवघरात रात्रभर जळणारा जुना झिरोचा दिवासुद्धा याहून जास्त वीज खाई! एवढ्याशा शक्तीत आवाज विद्यापीठाच्या आवारापलीकडे चार-दोन मैल जाई. मोठी व्यापारी केंद्रे ५० हजार वॅटने गर्जत असताना ही केंद्रे कुजबुजत होती, असेच म्हणावे लागेल.

या कुजबुजीला एक मोठा लाभ होता. राखीव पट्ट्यातील केंद्राला जाहिराती घेता येत नसत. म्हणजे जाहिरातदार रुसण्याचे भयही नव्हते. व्यापारी केंद्रांची गोष्ट निराळी होती. पैसे घेऊन ठरावीक गाणी वाजवण्याचे प्रकरण १९५९ मध्ये तिथे चव्हाट्यावर आले आणि १९६० मध्ये त्याविरुद्ध कायदा झाला. त्यानंतर गाणी निवडण्याचे काम हळूहळू निवेदकाच्या हातून काढून घेण्यात आले. सत्तरीच्या दशकात तर सल्लागार ठेवले जाऊ लागले. ते श्रोत्यांच्या आवडीनिवडींची पाहणी करून मोजक्या गाण्यांची यादी आखून देत आणि अनेक शहरांतून तीच यादी आलटून पालटून वाजे. कानाला अनोळखी असलेल्या गाण्याला त्या यादीत शिरकाव मिळणे दुरापास्त झाले.

नेमक्या याच काळात, १९७६-७७ च्या सुमारास, लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये पंक नावाचा प्रकार उसळला. गिटारचे तीन स्वरमेळ येत असले की मंडळ काढावे आणि स्वतःच्या पैशाने तबकडी छापावी, असा त्यांचा खाक्या होता. त्यातून जे बहुरंगी संगीत फुटले त्याला आधी ‘कॉलेज रॉक’ आणि पुढे ‘अल्टरनेटिव्ह रॉक’ असे नाव पडले. अल्टरनेटिव्ह म्हणजे पर्यायी, यादीबाहेरचे. मोकळेपणाने सांगतो, कुमार गंधर्वांच्या सुळेभावीपासून फार दूर न वाढलेल्या माझ्या कानांना हे संगीत सहजी रुचत नाही. पण ते मिळवण्यासाठी त्या मुलांनी केलेली धडपड मला मोलाची वाटते.

ही गाणी मिळवायची कुठून? आज बोटाच्या एका स्पर्शाने वाटेल ते गाणे ऐकता येते; तेव्हा तसे नव्हते. मोठ्या कंपन्यांच्या तबकड्या वितरकांमार्फत दुकानोदुकानी जात, पण पाचशे-हजार प्रती छापणाऱ्या मंडळाला वितरक कुठला मिळणार? विद्यार्थी-निवेदकाला तीन-चार वाटा धुंडाळाव्या लागत.

पहिली वाट गावातल्या रेकॉर्डच्या दुकानाची. लंडनमध्ये जेफ ट्रॅव्हिस यांनी १९७६ मध्ये उघडलेले ‘रफ ट्रेड’ हे दुकान अशा संगीताचे माहेरघर बनले आणि १९७८ पासून त्याने स्वतःच्या तबकड्याही काढल्या. अमेरिकेत विद्यापीठांच्या गावी अशीच छोटी दुकाने होती. जॉर्जिया राज्यातील अथेन्स गावी ‘वक्स्ट्री’ नावाच्या दुकानात पीटर बक हा तरुण काम करी आणि मायकेल स्टाइप हा विद्यार्थी तिथे तबकड्या चाळायला येई. त्या ओळखीतून आणखी दोघांना घेऊन १९८० मध्ये ‘आर.ई.एम.’ हे मंडळ जन्मले. त्यांची पहिली छोटी तबकडी १९८१ मध्ये हिब-टोन या चिमुकल्या कंपनीने काढली. पहिल्या खेपेला सुमारे १,००० प्रती निघाल्या आणि त्यांतील बहुतेकांवर कंपनीचा पत्ता छापायचेच राहून गेले! तरीही महाविद्यालयीन केंद्रांनी ती उचलून धरली. बारा वर्षांच्या आत हे मंडळ जगभर गाजले.

दुसरी वाट टपालाची. कॅलिफोर्नियात ग्रेग गिन हा मुलगा हौशी रेडिओवाल्यांना लागणारी उपकरणे टपालाने विकत असे. १९७८ च्या सुमारास त्याच एस.एस.टी. या नावाने त्याने आपल्या मंडळाच्या तबकड्या काढायला घेतल्या. वॉशिंग्टनमध्ये ‘डिस्कॉर्ड’ ही संस्था १९८० मध्ये अशीच मित्रामित्रांनी उभी केली. केंद्राने चिठ्ठी पाठवायची आणि तबकडी मागवायची. उत्तरादाखल कोणते गाणे कितीदा वाजले ते कळवायचे. १९७८ मध्ये रॉबर्ट हेबर यांनी ‘सी.एम.जे.’ हे पत्रक सुरू केले. ठिकठिकाणच्या केंद्रांनी पाठवलेल्या याद्या ते एकत्र करून छापी. त्यामुळे ओहायोतल्या मुलाला टेक्सासातल्या मुलीने काय शोधले ते समजू लागले.

तिसरी वाट छोट्या मासिकांची. त्यांतले मला सर्वांत आवडलेले ‘ओपी’ हे ऑलिम्पिया नावाच्या लहान गावातून निघे. जॉन फॉस्टर त्याचे संपादक. १९७९ मध्ये पहिला अंक इंग्रजी वर्णमालेतील पहिल्या अक्षराला वाहिला, दुसरा दुसऱ्या अक्षराला. असे करत १९८४ मध्ये अखेरच्या अक्षराचा सव्विसावा अंक काढला आणि ठरल्याप्रमाणे मासिक बंद केले. स्वतंत्रपणे काढलेल्या तबकड्यांची दखल घ्यायची, हा त्यांचा बाणा होता. शाळामास्तराच्या मनाला ही शिस्त भावते. त्याच गावच्या एव्हरग्रीन महाविद्यालयाच्या ‘काओस’ या केंद्राने तर वाजणाऱ्या संगीतातील ८० टक्के वाटा लहान, स्वतंत्र संस्थांचा असावा असे धोरण ठेवले होते.

आणि चौथी वाट केंद्राच्या खोलीतल्याच फडताळाची. आलेली तबकडी कोणीतरी ऐके, वेष्टनावर कागद चिकटवून दोन ओळींचा अभिप्राय लिही. पुढचा निवेदक त्याखाली आपले मत नोंदवी. असहमतीही तिथेच चाले. दर तीन-चार वर्षांनी मुले पदवी घेऊन निघून जात, पण त्यांचे कान त्या कागदांवर मागे राहत. नव्या मुलांचे शिक्षण त्या फडताळासमोर होई.

काओस केंद्रात वावरलेला ब्रूस पॅव्हिट हा विद्यार्थी १९८३ मध्ये सिएटलला गेला. तिथल्या विद्यापीठाच्या ‘केसीएमयू’ केंद्रावर तो कार्यक्रम करू लागला. त्याच केंद्रावर जोनाथन पोनमन हा दुसरा निवेदक होता. दोघांनी मिळून ‘सब पॉप’ ही संस्था वाढवली. नोव्हेंबर १९८८ मध्ये त्यांनी ‘निर्वाना’ या अपरिचित मंडळाची छोटी तबकडी १,००० प्रतींत काढली. चरित्रकार सांगतात की, गायक कर्ट कोबेनने स्वतः ती केंद्रावर नेऊन दिली आणि नंतर रस्त्यावरच्या सार्वजनिक फोनवरून अनोळखी श्रोत्यासारखी त्याच गाण्याची फर्माईश केली! तीन वर्षांनी, सप्टेंबर १९९१ मध्ये, याच मंडळाची ‘नेव्हरमाइंड’ एका मोठ्या कंपनीने काढली आणि जानेवारी १९९२ मध्ये ती अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत पहिली आली. यादीबाहेरचे संगीत यादीच्या माथ्यावर जाऊन बसले. मग व्यापारी केंद्रांनीच ‘अल्टरनेटिव्ह’ची पाटी लावली आणि विद्यार्थ्यांना पुन्हा नवे काही शोधणे भाग पडले.

हा इतिहास सगळाच गोड नाही. १९७८ मध्ये आयोगाने १० वॅटच्या केंद्रांचे संरक्षण काढून घेतले; शक्ती १०० वॅटपर्यंत वाढवा, नाहीतर दुसऱ्या केंद्रासाठी जागा सोडण्याची तयारी ठेवा, असा त्याचा मथितार्थ होता. पुढे काही विद्यापीठांनाच आपल्या ध्वनिलहरी विकाव्याशा वाटल्या. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाने ‘केटीआरयू’चा परवाना विकण्याचे २०१० मध्ये जाहीर केले, किंमत सुमारे ९५ लाख डॉलर. २०११ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या ‘केयूएसएफ’चे प्रक्षेपण एके सकाळी अचानक थांबले. याउलट सिएटलचे केसीएमयू २००१ मध्ये ‘केईएक्सपी’ हे नवे नाव घेऊन वाढले आणि आज जगभर ऐकले जाते.

आता उत्तरार्धातला प्रश्न. माझ्या शिक्षकीच्या पहिल्या वर्षांतला एक विद्यार्थी पुढे अमेरिकेत शिकायला गेला. १९९७-९८ च्या सुमारास त्याचे मला पत्र आले. विद्यापीठाच्या केंद्रावर त्याला आठवड्यातून एक तास मिळाला होता, तोही रात्री दोन वाजता. बरोबरची मुले आपापल्या गावची, कोणी न ऐकलेली मंडळे वाजवत. यानेही आपल्या गावचे काही वाजवायचे ठरवले. पेटीत काय होते? हिंदी चित्रपटगीते, भावगीते, अभंगांच्या दोन कॅसेट. सगळे उत्तम, पण मुंबई-पुण्याहून आलेले. त्याने लिहिले होते, “सर, आमची आजी जात्यावर ओव्या म्हणते. अर्धी ओळ मराठी, अर्धी कानडी. त्यांची कॅसेट कुठे विकत मिळेल?”

विकत कुठून मिळणार? मी शाळेचा टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्या घरी गेलो. आजींना आधी संकोच वाटला. “मास्तर, ह्ये काय गाणं हाय व्हय? दळतानाचं त्ये,” असे म्हणाल्या. जाते फिरल्याशिवाय त्यांना ओवी सुचेना, म्हणून सुनेने मूठभर जोंधळे आणून घातले. कॅसेटच्या एका बाजूवर जात्याची घरघर, मागे कोंबड्यांचा कालवा आणि मधून आजींचा आवाज. ती कॅसेट टपालाने सातासमुद्रापार गेली आणि रात्री दोन वाजता वाजली. ऐकणारे किती होते कोण जाणे! पण वेष्टनावर कोणा परक्या मुलीने लिहिलेला अभिप्राय त्याने मला कळवला होता: दगडाचा आवाज बंद करू नका, तोच ताल आहे. आजी पुढच्याच वर्षी गेल्या. त्या घराण्यातली ओवी आज फक्त त्या एका बाजूवर आहे.

आपल्या पिढीला रेडिओची सुई फिरवून संगीत हुडकण्याची सवय होती. १९५२ नंतर बाळकृष्ण केसकरांच्या कारकिर्दीत आकाशवाणीने चित्रपटगीतांकडे पाठ फिरवली, तेव्हा घरोघरचे कान रेडिओ सिलोनकडे वळले होते. आमच्या भागात तर एकाच संध्याकाळी सांगली, धारवाड आणि पणजी ऐकणारी घरे होती. मात्र आपण शोधले ते दुसऱ्यांनी वाजवलेले. स्वतः शोधून वाजवण्याची सोय आपल्याला नव्हती.

आता ती आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना केंद्रे काढण्याची वाट मोकळी झाली; १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही परवानगी दिली. शक्तीची मर्यादा साधारणपणे १०० वॅट, म्हणजे त्या अमेरिकन मुलांच्या दसपट. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागाने व्हावेत आणि ते शक्यतो स्थानिक भाषेत, बोलीत असावेत, असेही ते धोरण सांगते. आमच्यासारख्या जिल्ह्यात स्थानिक भाषा एक नाही आणि आजींच्या ओवीत तर दोन्ही एकाच ओळीत नांदत होत्या. या दृष्टीने ते कलम पुन्हा वाचावे.

परवाना, प्रक्षेपक, पैसा या गोष्टी कोणीतरी कधीतरी उभ्या करील. पण त्या दिवशी वाजवणार काय? फडताळ रिकामे असेल तर १०० वॅटवरूनही मुंबईचीच गाणी वाजतील. कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला गेले, आजारपणात खाटेवर पडून माळव्याची लोकगीते ऐकत राहिले आणि त्या धुनांतून त्यांना नवे राग गवसले. त्यांच्या प्रतिभेची बरोबरी कोण करणार! पण ऐकणे तर आपल्याला जमेल.

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात एक खण त्यासाठी मोकळा केला आहे. नववीची मुले सुट्टीत घरच्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांची गाणी भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करून आणतात. प्रत्येक गाण्याला एक कार्ड आहे: कोणी म्हटले, कुठल्या गावी, कोणत्या कामाच्या वेळी, आणि ऐकणाऱ्या मुलाचा दोन ओळींचा अभिप्राय. आजवर एकशे चाळीस कार्डे झाली. दिवाळीच्या सुट्टीत वाचकांच्या घरी पाहुणे जमतील, फराळाच्या पाटावर जुन्या आठवणी निघतील. कोणी थोरले माणूस गुणगुणू लागले, तर तेवढे टिपून घ्यावे आणि खाली नाव-गाव लिहून ठेवावे, एवढीच विनंती आहे.