सोंग कोणाचे, काम कोणाला?

शेक्सपिअरचा ऑथेल्लो हा काळ्या वर्णाचा सेनापती. परंतु त्याची भूमिका पिढ्यान्‌पिढ्या गोरे नट तोंडाला काळे फासून करीत आले. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर पॉल रोब्सन हा कृष्णवर्णी नट गोऱ्या नटसंचात ऑथेल्लो म्हणून उभा राहिला, तो १९४३ साली. प्रयोग झाले २९६! ‘लोक बघणार नाहीत’ ही सबब तिथेच निकालात निघाली.

आपल्याकडे आडकाठी रंगाची नव्हे, जातीची. आणि तीही मोठी चमत्कारिक. तमाशाच्या बोर्डावर महार, मांग, कोल्हाटी कलावंतांना मज्जाव नव्हता. ते काम त्यांच्याच माथी मारलेले होते. संगमनेरकडील हिवरगावची पवळा महार समाजातली. तिच्या जोडीला पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांचा ‘मिठाराणी’चा वग गाजला, पण या संगतीपायी बापूरावांना जातीचा रोष पत्करावा लागला. रात्री जिच्यावर दौलतजादा करायची, सकाळी तिचीच सावली टाळायची, असा हा न्याय!

पुढे बोलपट आला, आणि होते ते कामही हातचे गेले. १९३६ च्या ‘अछूत कन्या’त अस्पृश्य मुलगी झाल्या देविका राणी, त्या ठाकूर घराण्याच्या नात्यातल्या. १९७२ च्या ‘पिंजरा’त तमाशातली नायकीण झाल्या संध्या. त्यांच्या अभिनयाला मी नावे ठेवीत नाही. माझा जन्म कामगार चळवळीत गेला, म्हणून मला आधी मजुरीचा हिशेब दिसतो. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्याने विटाळ होतो म्हणे! आणि पगार जास्त त्याच खात्यात. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. पडद्यावरचे विणकाम खाते मात्र त्यानंतरही पुष्कळ वर्षे बंदच राहिले.

ते अलीकडे थोडे उघडले. नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’त (२०१३) जब्याच्या कामाला हलगी वाजवणारा खेड्यातला पोरगा घेतला, सोमनाथ अवघडे, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) शाहिराच्या भूमिकेत नागपूरचे वीरा साथीदार आले. नागपूर म्हणजे आपल्या वडनेरच्याच हमरस्त्यावरचे. साथीदार नाटकमंडळीतले नव्हेत, चळवळीतले. २०२१ साली करोनाने गेले. त्याच चित्रपटात गटार कामगाराच्या विधवेचे काम खरोखरच तशा कामगाराच्या विधवेने केले आहे. नवरा गटारात आधी खडा टाकून बघायचा, झुरळे बाहेर आली तरच आत उतरायचा, हे ती साक्षीच्या पिंजऱ्यातून सांगते. आणि आवाज जरासुद्धा चढवीत नाही.