वेगळेपण आणि विकार : एका व्याख्येचा इतिहास

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातील एक आकडा बातम्यांत वारंवार येतो : १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. सुमारे ३४,८०० प्रौढांच्या मुलाखतींवर हा आकडा उभा आहे. त्याच सर्वेक्षणात तंबाखूच्या व्यसनाचे प्रमाण मात्र २०.९ टक्के आढळले. अंश पूर्णाहून मोठा कसा? कारण १०.६ टक्क्यांत तंबाखू धरलेलीच नाही. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हे व्यसन मनोविकारांच्याच प्रकरणात येते. ते मोजले असते, तर एकही माणूस अधिक आजारी न पडता आकडा दुपटीच्या वर गेला असता.

भौतिकशास्त्रात मोजणीपूर्वी मोजपट्टीची चौकशी करण्याची शिस्त असते. मनोविकारांची मोजपट्टी निसर्गात तयार सापडलेली नाही. ती वादांतून घडली, आणि तिचा काही भाग आपल्या देशात घडला.

१९१२ च्या ‘इंडियन ल्युनसी अ‍ॅक्ट’मध्ये ‘लुनॅटिक’ म्हणजे जडबुद्धी किंवा विकल मनाची व्यक्ती, एवढ्यावरच काम भागवले होते. (हा शब्द चंद्राच्या लॅटिन नावावरून आला आहे, चंद्रकलांनी माणसे वेडी होतात ही समजूत कायद्याच्या शीर्षकापर्यंत पोहोचली.) मन ‘विकल’ कशाने ठरते, याबद्दल कायदा मौन बाळगून होता. त्याची जागा घेणारा १९८७ चा कायदा १९९३ मध्ये अमलात आला. त्याने म्हटले : मनोविकारामुळे ज्याला उपचारांची गरज आहे, तो मनोरुग्ण. मनोविकार म्हणजे काय, हे सांगायचे पुन्हा राहूनच गेले.

मानसशास्त्राची पाठ्यपुस्तके अपसामान्य वर्तनाचे काही निकष देतात. पहिला संख्याशास्त्रीय : जे दुर्मीळ ते अपसामान्य. तो फार टिकत नाही, कारण असामान्य बुद्धिमत्ताही दुर्मीळच असते. दुसरा निकष सामाजिक : समाजाच्या रूढ मर्यादा ओलांडणारे वर्तन अपसामान्य. तिसरा पाहतो तो त्या व्यक्तीला होणारा क्लेश आणि दैनंदिन जीवनात येणारी अक्षमता. माझ्या मते या विषयाचा इतिहास म्हणजे दुसऱ्या निकषाची तिसऱ्यापासून सोडवणूक.

जागतिक आरोग्य संघटनेने १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात छिन्नमनस्कतेचा, म्हणजे स्किझोफ्रेनियाचा, एक अभ्यास हाती घेतला. नऊ देशांतील नऊ केंद्रे आणि १,२०२ रुग्ण. भारतातील केंद्र आग्र्याचे होते. सर्वत्र एकाच पद्धतीची, स्थानिक भाषांत उतरवलेली मुलाखत घेतली गेली. आजाराची मूळ लक्षणे सर्व केंद्रांत ओळखू येण्याजोगी सारखी निघाली, आणि पुढील काही वर्षांच्या पाठपुराव्यात आग्र्याच्या रुग्णांची प्रगती श्रीमंत देशांतील रुग्णांपेक्षा सरस आढळली. तिच्या कारणांवरचा वाद अजून मिटलेला नाही. पण आपल्या विषयासाठी दुसरी एक नोंद मोलाची आहे : वॉशिंग्टन आणि मॉस्को या दोन केंद्रांत छिन्नमनस्कतेची व्याख्या इतर सात केंद्रांपेक्षा बरीच सैल होती.

मॉस्कोच्या बाबतीत या सैलपणाची किंमत जबर ठरली. तेथील प्रभावी मनोविकारतज्ज्ञ आंद्रेई स्नेझनेव्हस्की यांनी आजाराच्या वाटचालीवर आधारलेले वर्गीकरण मांडले होते. त्यातील ‘मंदगती’ छिन्नमनस्कतेला भास किंवा ठळक भ्रम असण्याची आवश्यकता नव्हती. समाज सुधारण्याचा ध्यासदेखील लक्षण मानला जाई. सरकारविरोधी मत मांडणाऱ्यांना या निदानाखाली रुग्णालयांत डांबले गेले. जागतिक मनोविकारतज्ज्ञ संघटनेने १९७७ मध्ये होनोलुलूच्या अधिवेशनात या दुरुपयोगाचा निषेध केला, आणि १९८३ मध्ये सोव्हिएत संघटना तिच्यातून बाहेर पडली.

याच्या नेमके उलट टोक भारतात सापडते. डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ ही संज्ञा रूढ केली. वीर्य हा शरीरातील सर्वांत मौल्यवान धातू आणि तो गेला की शक्ती गेली, या समजुतीने ग्रासलेले तरुण अशक्तपणा, धास्ती, उदासी घेऊन दवाखान्यांत येत. पाश्चात्त्य वर्गीकरणांत त्यांच्यासाठी खाना नव्हता. त्यांची श्रद्धा मात्र त्यांच्या समाजात अगदी सर्वमान्य होती. हे तरुण रूढीच्या रेषेपासून तसूभरही ढळलेले नव्हते, तरी त्यांचा क्लेश खरा होता. आणि मॉस्कोतील तो असंतुष्ट नागरिक रेषा ओलांडून पलीकडे गेला होता, तरी धडधाकट होता. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की समाजापासूनचे विचलन हा विकाराचा आवश्यक निकषही उरत नाही आणि पुरेसाही नाही. पुढे धात सिंड्रोमचा उल्लेख रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत झाला.

अमेरिकेत हीच सोडवणूक १९७३ मध्ये समलैंगिकतेच्या निमित्ताने झाली. रॉबर्ट स्पिट्झर यांचा युक्तिवाद सरळ होता : जी अवस्था स्वतःहून क्लेश किंवा सर्वसाधारण अक्षमता निर्माण करत नाही, ती विकार नव्हे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेने ती यादीतून वगळली आणि पुढील वर्षीच्या सदस्यांच्या मतदानात तो निर्णय टिकला. ‘विज्ञानात मतदान कसले?’ असा टोमणा आजही ऐकू येतो. खगोलशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये ग्रहाच्या व्याख्येवर मतदानच केले होते, आणि त्याने प्लूटोचे वस्तुमान रतिभरही बदलले नाही.

भारतात हा धागा २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात येऊन मिळाला. विचार, भावावस्था, संवेदन, दिशाभान किंवा स्मृती यांतील असा लक्षणीय बिघाड, की ज्याने विवेक, वर्तन, वास्तवाची ओळख किंवा रोजच्या जीवनाच्या गरजा भागवण्याची क्षमता गंभीरपणे खालावते, अशी व्याख्या त्याने दिली. तिसऱ्या कलमाने तर स्पष्टच बजावले की व्यक्तीची राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थिती, किंवा समाजातील प्रचलित नैतिक, सांस्कृतिक, राजकीय मूल्यांशी अथवा धार्मिक श्रद्धांशी तिचे न जुळणे, यांवरून मानसिक आजार ठरवता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ बाबत निर्णय दिला, तेव्हा न्या. रोहिंटन नरिमन यांनी आपल्या निकालपत्रात याच कायद्याचा आधार घेतला.

वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिने लिंगभाव-विसंगती मनोविकारांच्या प्रकरणातून बाहेर काढली आणि ‘प्रदीर्घ शोक विकार’ आत घेतला. या नव्या विकाराच्या निकषांत एक अट अशी आहे : शोक त्या व्यक्तीच्या समाजात, संस्कृतीत वा धर्मात अपेक्षित असलेल्या मर्यादेपेक्षा स्पष्टपणे अधिक असावा, आणि किमान सहा महिने टिकावा. दाराबाहेर काढलेली समाजाची रेषा येथे खिडकीतून परत आली आहे, या वेळी रुग्णाच्या संरक्षणासाठी. जेथे वर्षश्राद्धापर्यंत घरात सण साजरे होत नाहीत, तेथे ती रेषा नक्की कोठे आखायची, हे निदान करणाऱ्या डॉक्टरला त्या घराच्या रीतीतूनच समजून घ्यावे लागेल.