जुन्या पद्मिनीचं इंजिन बांधताना माझ्या झालेल्या ३ चुका: इंजिन रिबिल्डिंग म्हणजे काय आणि आधी काय मोजायचं?

बीडला आमच्या घरी आजोबांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे. बारा वर्षं ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. मागच्या वर्षी मी तिचं इंजिन बांधायला काढलं. दोन महिन्यांत होईल असं वाटलेलं काम अकरा महिने चाललं. इंजिन दोनदा उतरवलं, हेड तीनदा खोललं. आजोबा रोज संध्याकाळी एकच विचारायचे, "झालं का रे?" तुमच्याही घरी अशी गाडी असेल, तर माझ्या चुका आधी वाचून घ्या.

पद्मिनीचं इंजिन कसं असतं?

फियाट ११०० च्या डिझाइनवरची ही गाडी प्रीमियर ऑटोमोबाइल्स मुंबईत कुर्ल्याला बनवायची. चार सिलिंडर, पेट्रोल, १०८९ सीसी. सिलिंडरचा व्यास म्हणजे बोअर ६८ मिमी आणि पिस्टनचा प्रवास म्हणजे स्ट्रोक ७५ मिमी. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. उत्पादन कधीच बंद झालंय, त्यामुळे पार्ट शोधून आणावे लागतात.

रिबिल्डिंग म्हणजे इंजिन पूर्ण खोलायचं, झीज मोजायची, झिजलेले भाग घासून किंवा बदलून पुन्हा जोडायचं. यात एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: मशीनवर धातू काढता येतो, परत लावता येत नाही.

चूक १: पिस्टन आधी घेतले, माप नंतर

सिलिंडर झिजला की तो थोडा मोठा करतात, याला रिबोअर म्हणतात. मग त्यात तेवढेच मोठे, म्हणजे ओव्हरसाइज पिस्टन बसतात. मी उत्साहात मोबाइलवरूनच ओव्हरसाइज सेट मागवला. लेथवाल्या काकांनी बोअर गेज लावला आणि म्हणाले, "तीन नंबरचा सिलिंडर तुझ्या पिस्टनपेक्षाही मोठा झालाय बाळा." इंजिन आधीही रिबोअर झालेलं होतं. जुन्या पिस्टनच्या माथ्यावर ओव्हरसाइजचा आकडा छापलेला होता, मी कार्बन पुसून पाहिलाच नव्हता.

आता आणखी बोअर करायला जागा नव्हती. शेवटी चारही सिलिंडरमध्ये लाइनर ठोकून बोअर परत ६८ मिमीवर आणला. स्टँडर्ड पिस्टन पुण्याच्या नाना पेठेतून आणले. आधीचा सेट अजून कपाटात पडून आहे.

चूक २: बेअरिंगच्या डब्यावर विश्वास ठेवला

क्रँकशाफ्ट ग्राइंड केला की तो बारीक होतो, म्हणून बेअरिंग तेवढीच जाड लागतात. डब्यावर ०.०२० इंच लिहिलं होतं. आतली बेअरिंग ०.०१० इंचाची निघाली. मी न मोजता बसवली. फरक फक्त पाव मिलिमीटरचा!

इंजिन सुरू झालं तेव्हा सगळं छान. दहा मिनिटांनी ऑइलचा लाल दिवा लागला आणि खालून ठकठक यायला लागली. कारण सोपं आहे. थंड ऑइल घट्ट असतं, त्यामुळे सैल जागेतही दाब टिकतो. गरम झाल्यावर ते पातळ होऊन फटीतून निसटतं. मी लगेच बंद केलं म्हणून क्रँक वाचला. इंजिन पुन्हा उतरवलं.

चूक ३: हेडचे नट अंदाजाने आवळले

पहिलीच मोठी चक्कर मांजरसुंब्याच्या घाटात, मे महिन्यात. वर पोचेपर्यंत तापमानाचा काटा लाल पट्टीत, मागून पांढरा धूर. हेड गॅस्केट गेलं होतं. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम बिडापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे नट कमी-जास्त आवळलेले असले की हेड वाकतं. हेडला फेसिंग करून घेतलं. या वेळी टॉर्क रेंच वापरला, मधल्या नटापासून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत.

"डिझेल इंजिन टाक की!"

हा सल्ला खूप जणांनी दिला. पण २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते, ती मूळ स्वरूपात असेल तरच. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. आमची गाडी २०२८ मध्ये पन्नाशी गाठेल. म्हणून मूळ इंजिनच वाचवलं.

काम काढण्याआधी हे करा

• खोलताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा, नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत नाव लिहून ठेवा.
• चारही सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि आडवे-उभे मोजून घ्या. मगच पिस्टन मागवा.
• बेअरिंग डब्यावरून नाही, मायक्रोमीटरने तपासा.
• हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज जातो का पाहा.
• पहिल्यांदा सुरू करताना मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. ठकठक आली तर मेकॅनिकला ऐकवता येते.

परवा आजोबांना पुढच्या सीटवर बसवून पुन्हा त्याच घाटातून गेलो. काटा मध्येच राहिला. वर पोचल्यावर आजोबा म्हणाले, "आता मला चालवू दे."