पाठीचा बाक आणि हाडांचे माप

स्मरणिकेत इतिहासाचा लेख म्हटला की तो रायगडाचा, चवदार तळ्याचा किंवा उमरठच्या तानाजी मालुसऱ्यांचा असावा, असे महाड-पोलादपुरात कोणालाही वाटेल. ते लिहिणारे जाणकार आपल्याकडे पुष्कळ आहेत. मी आज आपल्याच हाडांच्या इतिहासाविषयी चार शब्द लिहिणार आहे. शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा मला जेवढे नीट समजले तेवढेच सांगते.

आपल्याकडील कोणत्याही वाडीत जा, कमरेतून वाकून, काठी टेकत चालणारी एक तरी म्हातारी दिसेलच. तिला कोणी विचारीत नाही आणि तीही सांगत नाही. "वय झाले," एवढ्यावर बोलणे संपते. कोणी म्हणते लावणी करून पाठ वाकली, कोणी म्हणते हंडे वाहून. पण ओझ्याच्या कामाने हाड बळकट होते, मात्र पोटात तेवढे अन्न पडले पाहिजे, असे शास्त्र सांगते. पाठीला असा बाक येतो तो पुष्कळदा मणके आतून विरळ होऊन पुढच्या बाजूने दबल्यामुळे. अशी म्हातारी अंगणात घसरते, खुब्याचे हाड मोडते आणि ती अंथरुणाला खिळते. ती पडली म्हणून हाड मोडले असे आपण म्हणतो. परंतु हाड त्याआधी कित्येक वर्षे झिजत आलेले असते.

हे झिजणे जिवंत माणसात पाहण्याची सोय पूर्वी नव्हती. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील झां लोबस्टाइन या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सच्छिद्र हाडांना 'ऑस्टिओपोरोसिस' हे नाव दिले. पुढे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत रोंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात बोटांची हाडे आणि बोटातली अंगठी स्पष्ट दिसते. जिवंत माणसाच्या हाडांचे ते जगप्रसिद्ध पहिले चित्र एका गृहिणीच्या हाताचे आहे, ही गोष्ट आपण स्त्रियांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

साध्या क्ष-किरण चित्राने मोडलेले हाड दिसे, पण झिजत असलेले हाड दिसत नसे. सुमारे तिसरा हिस्सा नाहीसा होईपर्यंत चित्रात फरक कळत नाही. १९४०च्या सुमारास अमेरिकेत बोस्टनचे डॉ. फुलर ऑलब्राइट यांच्या लक्षात आले की, असे रुग्ण बहुतेक पाळी गेलेल्या स्त्रियाच आहेत. पाळीबरोबर शरीरातील जो स्राव कमी होतो, तोच हाडांना सांभाळीत असतो. तो गेला की पहिल्या काही वर्षांत हाड झपाट्याने उतरते. म्हणजे जे दुखणे सरसकट म्हातारपणाच्या खाती टाकले जात होते, त्याचे मूळ पन्नाशीच्या आसपासच सापडले.

मग हाड मोजण्याची खटपट सुरू झाली. १९६३ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात कॅमेरॉन आणि सोरेन्सन यांनी किरणांचा बारीक झोत हातातून सोडून, पलीकडे किती पोहोचतो यावरून हाडातील क्षार मोजून दाखविले. आपल्या देशातही १९७० साली डॉ. मनमोहन सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी खुब्याच्या साध्या क्ष-किरण चित्रातील रेषा पाहून झीज ओळखण्याची श्रेणी ठरविली. ती 'सिंग इंडेक्स' या नावाने जगभर माहीत झाली. पुढे १९८७च्या सुमारास आजचे यंत्र आले. त्याला 'डेक्सा' म्हणतात. त्यात दोन वेगवेगळ्या जोराचे क्ष-किरण वापरतात, त्यायोगे मांस किती आणि हाड किती हे निराळे काढता येते. टेबलावर दहा-पंधरा मिनिटे स्वस्थ पडून राहायचे. सुई नाही, दुखणे नाही आणि किरणांची मात्रा छातीच्या एक्स-रेहूनही कमी. मात्र गरोदर बाईने ही तपासणी करून घेऊ नये.

कागदावर जो आकडा येतो त्याला 'टी-स्कोअर' म्हणतात. तरुण स्त्रीच्या सरासरी हाडाशी तुमच्या हाडाची ती तुलना असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली मर्यादा ठरविल्या. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे अडीच म्हणजे हाड कमी, आणि उणे अडीच किंवा त्याहून खाली म्हणजे ठिसूळपणाचा रोग.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. हे माप प्रथम गोऱ्या स्त्रियांच्या हाडांवरून ठरले. आपली अंगलट लहान, हाडे लहान, आणि यंत्र पृष्ठभागावरून मोजते, त्यामुळे लहान हाड थोडे अधिकच कमी दिसते. परंतु एवढ्यावरून निर्धास्त राहता येत नाही. हैद्राबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. वीणा शत्रुघ्न व सहकाऱ्यांनी गरीब घरांतील तीस ते साठ वर्षांच्या २८९ स्त्रियांची हाडे मोजून २००५ साली निष्कर्ष छापले. त्या स्त्रिया कष्ट करणाऱ्या, पण आहारात कॅल्शियम फार थोडे. हाडे परदेशी स्त्रियांपेक्षा बरीच कमी भरली. त्यांच्याजागी आपल्या वाड्यांतील बायका डोळ्यांसमोर आणा, म्हणजे निराळे सांगायला नको.

दुसरे काम आपल्या अगदी जवळचे आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांची मुले सहा वर्षांची झाल्यावर मुलांची आणि आईबापांचीही हाडे याच यंत्राने मोजली. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या मातांच्या गरोदरपणातील जेवणात दूध, डाळी, पालेभाज्या, फळे, मांस-मासळी असे पदार्थ वारंवार होते, त्यांच्या मुलांची हाडे अधिक भरीव निघाली. यावरून पाहा, आजीच्या पाठीच्या बाकाचा विचार नातीच्या जन्माआधीपासून करावा लागतो. गरोदर सुनेला सर्वांच्या मागून उरलेसुरले वाढण्याची चाल ज्या घरात असेल, तेथे पुढच्या पिढीचेही हाड कमी पडते.

आपल्या डोंगराने याची सोय करून ठेवली होती. वरकस जमिनीवरची नाचणी ही त्यातली पहिली. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपासच. मोठ्या माणसाला रोज १००० आणि पाळी गेलेल्या बाईला १२०० मिलिग्रॅम हवे, असे आपल्याकडील तज्ज्ञांनी २०२० साली ठरविले आहे. नाचणीची भाकरी, तीळ, काट्यासकट खाल्लेली सुकी मासळी, ताक आणि अंगावर घेतलेले ऊन हे आपल्या आवाक्यातले आहे. 'गरिबाचे खाणे' म्हणून नाचणी ताटातून काढली, ती पुन्हा वाढावी.

आता तपासणी कोणी करावी? पासष्टीपुढील प्रत्येक स्त्रीने. त्याआधी, जिची पाळी लवकर गेली, जिचे हाड किरकोळ पडण्याने मोडले, जिच्या आई-वडिलांचे खुब्याचे हाड मोडले होते, जी स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेते किंवा जी फारच किडकिडीत आहे, तिने डॉक्टरांना आवर्जून विचारावे. शिबिरांत पुष्कळदा टाच मोजतात, ती निराळी तपासणी आहे. तिच्यावरून केवळ अंदाज येतो, निदान होत नाही. डेक्सासाठी शहर गाठावे लागले, तर त्याआधी निदान दोन गोष्टी गावातच होतात. इंग्लंडमधील शेफिल्ड विद्यापीठाने २००८ साली 'फ्रॅक्स' नावाची प्रश्नावली काढली. तिच्यावरून यंत्राशिवायही पुढील दहा वर्षांतला धोका डॉक्टर काढू शकतात. दुसरे म्हणजे आपली उंची. तरुणपणापेक्षा ती दीड इंचाहून अधिक घटली असेल, तर मणका दबलेला असण्याचा संभव आहे.

भगिनींनो, घरच्या पुरुषाच्या छातीत दुखले तर रातोरात गाडी ठरते. बाईची पाठ मात्र वर्षानुवर्षे तेल चोळून निभावली जाते. आज हाड मोजता येते आणि त्यावर औषधही आहे. तेव्हा येत्या हळदीकुंकवाला मंडळाच्या भिंतीवर उंचीच्या खुणा करून प्रत्येकीची उंची वहीत नोंदवावी, आणि दरवर्षी ताडून पाहावी, अशी माझी सूचना आहे. त्या वहीत प्रत्येकीने आपल्या सासूबाईंचे नाव आधी घालावे.